किचन दिसायला भारी, पण त्यात काही शिजतं का?

गेल्या अंकात गेममधला बेस, म्हणजे आपलं राहायचं ठिकाण, कुठे बांधायचा यावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्या लोकांनी जागेचं सोडून किचनबद्दलच विचारलंय, त्यामुळे यावेळी सगळे प्रश्न तेवढ्याच विषयाचे घेतलेत. बरेचसे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचे आहेत, एक प्रोजेक्ट झोम्बॉइड या झोम्बींच्या गेमचा. मॉड म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली, गेममध्ये वरून टाकायची भर. नावं छापू नका असं काहींनी सांगितलं होतं म्हणून कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

सांगलीहून, बारावीतला एक जण: दादा, मी जावा एडिशन १.२०.१ वर फोर्ज (मॉड चालवणारा प्रोग्राम) लावून खेळतो. सर्व्हायव्हलमध्ये मस्त किचन केलंय, जिन्याच्या ब्लॉकच्या खुर्च्या, ट्रॅपडोअरची कपाटं, कॉल्ड्रनचं (कढईचं) सिंक, आयर्न ब्लॉकला दार लावून फ्रिज. पण जेवण अजून कोपऱ्यातल्या फर्नेसवरच (भट्टीवरच) होतं आणि गाजर कुठल्या चेस्टमध्ये (पेटीत) टाकलं ते शोधण्यातच दिवस मावळतो. खरंखुरं चालणारं किचन हवंय, कुठला मॉड टाकू?

उत्तर: मॉड शोधायच्या आधी एक बघ, हा गेम तुझ्याकडून नक्की काय काढून घेतो. माइनक्राफ्टमध्ये अन्न खराब होतच नाही, चेस्टमध्ये टाकलेलं मटण वर्षभराने काढलंस तरी तसंच, त्यामुळे कुठल्याही मॉडचा फ्रिज इथे दार असलेली चेस्टच असतो, कितीही सुंदर असला तरी. गेम तुझा वेळ खातो, शोधण्यात, इकडून तिकडे नेण्यात आणि भाजण्यात. तो वेळ वाचवेल तेच तुझ्यासाठी चालणारं फर्निचर, बाकी शोभेचं, आणि शोभेचं तू केलंच आहेस.

म्हणून पहिला मॉड कुकिंग फॉर ब्लॉकहेड्स, ब्ले द नाइन्थ नावाच्या मॉडरचा. याची खरी मजा म्हणजे एकमेकांना चिकटून ठेवलेले ब्लॉक मिळून एकच किचन होतं. मध्ये कुकिंग टेबल, त्याला लागून काउंटर, वर कॅबिनेट, बाजूला फ्रिज, ओव्हन, सिंक, टूल रॅक. टेबलावर राइट क्लिक केलं की या सगळ्यांत मिळून जे सामान आहे त्यातून काय काय बनू शकतं तेवढीच यादी समोर येते, गाजर कुठल्या खणात आहे ते तुला माहीत असायची गरजच उरत नाही, ते आपोआप उचललं जातं. भाजायचा पदार्थ निवडलास की तो टेबलावरूनच ओव्हनमध्ये जातो, फक्त ओव्हनमध्ये कोळसा वगैरे आधी भरून ठेव. ओव्हन अन्नच घेतो, त्यात लोखंड वितळवायला जाऊ नकोस. एकावर एक दोन फ्रिज ठेवले की मोठा फ्रिज होतो.

नव्या लोकांचं इथे एकच गोष्टीवर अडतं, ओव्हन सुंदर दिसावा म्हणून समोरच्या भिंतीला लावतात, मध्ये दोन ब्लॉकची वाट ठेवतात आणि मग टेबलाला ओव्हन दिसत नाही म्हणून मॉडला शिव्या घालतात. अरे चिकटलेलं हवं! वाट हवीच असेल तर त्याच मॉडची किचन फ्लोअरची फरशी टाक, फरशीवरूनही जोडणी पुढे जाते, म्हणजे मध्ये मोकळी जागा ठेवून समोरासमोर दोन ओटे करता येतात. आणि दुधासाठी मिल्क जार आहे, त्यावर गाय उभी करून वरून ऐरण पाडली की गाय बरणीत जाते आणि बसल्या जागी दूध देत राहते. हे आजीसमोर करून दाखवू नकोस एवढंच सांगतो.

दुसरा फार्मर्स डिलाइट, व्हेक्टरविंगचा. पहिल्यात सामानाची सोय, यात प्रत्यक्ष स्वयंपाक. टोमॅटो, कांदा, कोबी, भात अशी पिकं येतात (भात उथळ पाण्यात लावायचा, कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही), कटिंग बोर्डवर सुरीने चिरायचं, स्टोव्हच्या माथ्यावर एकदम सहा गोष्टी भाजता येतात, आणि कुकिंग पॉटमध्ये सहा खणांत सामान भरून खाली आच द्यायची, वाढायला बोल (वाडगा) वेगळ्या खणात. पॉट बनवायला विटा, लोखंड, पाण्याची बादली आणि लाकडी फावडं लागतं, फावडं म्हणजे डाव बहुतेक. पॉटमधल्या पोटभर पदार्थांनी नरिशमेंट नावाचा इफेक्ट मिळतो, तो असेपर्यंत जखमा भरायच्या नसतील तर भूक लागतच नाही, लांब खाणीत जाताना याचा उपयोग स्टेकच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त होतो. माझं मत विचारशील तर एकच घ्यायचा असेल तर हाच घे, कारण ब्लॉकहेड्स तुझी शोधाशोध वाचवतो पण शिजवण्यासारखं नवीन काही असेल तरच ती वाचवण्यात अर्थ.

टाकताना दोन्ही फाइली १.२०.१ आणि फोर्जच्याच घे. ब्लॉकहेड्सला बाम नावाची लायब्ररी (मॉडला आधार देणारी जोडफाइल) वेगळी लागते, ती नसेल तर गेम सुरूच होणार नाही. सोबत जस्ट इनफ आयटम्स टाक, रेसिपी पाठ करत बसावं लागणार नाही. आणि वर्ल्डच्या सेव्ह फोल्डरची कॉपी आधी बाजूला काढून ठेव, कारण नंतर मॉड काढलास तर त्याचे ब्लॉक आतल्या सामानासकट गायब होतात, परत येत नाहीत.

कोल्हापूरहून: फार्मर्स डिलाइटच्या कुकिंग पॉटखाली लाव्हा चालतो असं वाचलं म्हणून ओट्यात एक ब्लॉक खणून लाव्हा ओतला, वर पॉट. शिजलं मस्त. खाणीतून परत आले तर किचनचं छत नाही, अर्धी बेडरूम नाही. मॉडमध्ये बग आहे का?

उत्तर: बग नाही ग, लाव्हा मॉड नसतानाही हेच करतो, आसपासच्या जळाऊ ब्लॉकना आग लावतो, आणि तुझं छत लाकडाचं असणार. पॉटला आच म्हणून पेटलेला कॅम्पफायर, पेटलेला स्टोव्ह, मॅग्मा ब्लॉक हे सगळं चालतं आणि यातलं काहीच आग पसरवत नाही, कॅम्पफायर तर लोकरीच्या गालिच्यावर ठेवलास तरी घर शाबूत. ओट्यात लपवायचं असेल तर मॅग्मा बेस्ट, फक्त उघड्यावर त्यावर पाय पडला की चटका बसतो.

आता विषय निघालाच आहे तर एक भारी गोष्ट सांगतो, पॉट आणि आच यांच्यामध्ये हॉपर (सामान आपोआप पुढे सरकवणारं नरसाळं) ठेवला तरी आच वर पोचते. म्हणजे वरच्या हॉपरमधून सामान, बाजूच्या हॉपरमधून बोल, आणि पॉटखालच्या हॉपरमधून शिजलेलं बाजूच्या बॅरलमध्ये. खाणीतून परत येशील तेव्हा जेवण तयार, आणि छतही जागेवर.

छत्रपती संभाजीनगरहून: मिस्टरक्रेफिशचा जुना फर्निचर मॉड आवडायचा म्हणून नवीन रिफर्बिश्ड टाकला. स्टोव्ह, टोस्टर, मायक्रोवेव्ह सगळं लावलं पण एकही चालू होत नाही.

उत्तर: वीज कुठेय? नव्या रिफर्बिश्डमध्ये ही उपकरणं विजेवर चालतात. जनरेटर लाव, त्यात इंधन टाक, मग हातात रेंच घेऊन जनरेटरपासून उपकरणापर्यंत लिंक ओढ, लिंकला अंतराची मर्यादा आहे त्यामुळे जनरेटर गावाबाहेर नको. रेंच हातात घेतल्याशिवाय या लिंका जोडता येत नाहीत, म्हणून बऱ्याच जणांना वीज म्हणून काही आहे हेच कळत नाही. दिसायला हा मॉड बाकी सगळ्यांच्या वर आहे, पण नुसतं पोट भरायचं असेल तर मेहनत जास्त आणि मोबदला कमी, खरं बोलायचं तर. आवड असेल तरच घ्या.

नाशिकहून, एक आई: माझा मुलगा आठवीत आहे, माझ्या फोनवर माइनक्राफ्ट खेळतो. युट्यूबवर कुणाच्या तरी बेसमध्ये उघडणारा फ्रिज बघितला आणि आता रोज "मॉडचं अ‍ॅप टाकून दे" म्हणून मागे लागलाय. ते सुरक्षित असतं का? आणि माझ्या फोनमध्ये बँकेचं सगळं आहे.

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्यावरूनच उत्तर ठरतं. फोनवर जो गेम आहे तो बेडरॉक एडिशन, आणि युट्यूबवर दिसतात ते बहुतेक मॉड जावा एडिशनचे, म्हणजे कॉम्प्युटरवरचे. ते फोनवरच्या या गेममध्ये चालत नाहीत. त्यामुळे "हे अ‍ॅप टाका, सगळे जावा मॉड फोनवर" असं जिथे लिहिलेलं असेल तिथे काहीतरी गडबड आहे असंच धरा, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची, फाइल तर त्या फोनवर अजिबात नको. बेडरॉकसाठी वेगळे अ‍ॅड-ऑन असतात, गेमच्या आतल्या मार्केटप्लेसमध्ये फर्निचरचेही मिळतात, काही फुकट, काही माइनकॉइन (गेममधलं चलन) देऊन. त्याचे पैसे खरे जातात, म्हणून खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

पुढे घरी कॉम्प्युटरवर जावा एडिशन घेतलंत तर मॉडसाठी कर्सफोर्ज आणि मॉडरिंथ या दोन साइट जगभर वापरल्या जातात. पण मॉड म्हणजे शेवटी तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्रामच. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर कर्सफोर्जवरच्या काही मॉडमधूनच पसरला होता, लॉगिनची माहिती चोरणारा, म्हणजे मोठी साइट आहे म्हणून डोळे मिटून नाही. बरीच वर्षं चालू असलेले, लाखो लोकांनी घेतलेले मॉड घ्यायचे, आज अपलोड झालेला चकाचक फ्रिज थोडे दिवस थांबून घ्यायचा, आणि बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करायचं नाही. मुलाला नाही म्हणून गप्प बसवू नका मात्र, त्याला कारण सांगा, आठवीतल्या पोराला हे नीट कळतं आणि पुढे तोच तुम्हाला शिकवेल.

पुण्याहून, हिंजवडीत नोकरी करणारा: माझा प्रश्न माइनक्राफ्टचा नाही. प्रोजेक्ट झोम्बॉइड, बिल्ड ४१ (गेमचं व्हर्जन). छान घर पकडलं, किचनमध्ये फ्रिज, ओव्हन, सिंक सगळं होतं, दोन आठवड्यांत लाइट गेली, मग पाणी गेलं, फ्रिजमधलं सडलं. मॉडने काही होईल का?

उत्तर: मॉडच्या आधी गेममध्येच जे आहे ते वापर मित्रा, कारण इथे फ्रिज ही शोभा नाहीच. १९९३ च्या जुलैमध्ये, केंटकीतल्या काल्पनिक नॉक्स काउंटीत गोष्ट सुरू होते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये वीज-पाणी पहिल्या ३० दिवसांत कधीही जातं. फ्रिजमध्ये अन्न उशिरा सडतं, फ्रीझरमध्ये सडणं जवळजवळ थांबतं, पण वीज असेल तरच. म्हणजे या गेममध्ये किचनची सुरुवात फ्रिजपासून करायचीच नाही, जनरेटरपासून करायची. जनरेटर जोडता यायला त्याचं मासिक वाचलेलं पाहिजे किंवा तू इलेक्ट्रिशियन म्हणून सुरू केलेलं पाहिजे, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच पुस्तकांची दुकानं आणि टपालपेट्या धुंडाळ. जनरेटर घराबाहेर ठेव, आत ठेवलास तर धुराने झोपेत मरशील, हे खरंच होतं. त्याचा पल्ला २० चौकोनांचा असतो, आणि जितकी उपकरणं जोडलेली तितकं पेट्रोल जास्त जातं, म्हणून शेजारच्या घरातले फ्रिज त्या पल्ल्यात उगाच चालू राहिलेत का बघ. पेट्रोलपंपालाही वीज लागते, म्हणून वीज असेपर्यंत कॅन भरून घे.

पाण्यासाठी रेन कलेक्टर बॅरल, त्याला सुतारकामाची लेव्हल ४ लागते, मोठ्याला ७. सिंकच्या वरच्या मजल्यावर, उघड्या आकाशाखाली ठेवायचा आणि खाली पाइप रेंचने सिंक जोडायचं. बॅरलमधून थेट प्यायलास तर पाणी दूषित असतं, सिंकमधून आलं की पिण्यालायक. गॅलरीत पावसाचं पाणी साठवणाऱ्या आपल्या लोकांना हे आवडायला हवं. आणि ओव्हन, त्याला जुना लाकूडफाट्यावरचा अँटिक ओव्हन शोध, जंगलातल्या केबिनमध्ये मिळतो, जड असतो पण तो बसला की पेट्रोल फक्त फ्रिजला. कुठलाही ओव्हन चालू ठेवून झोपू नकोस, जेवण जळतं आणि मग घर.

हे सगळं झालं की मॉड. फंक्शनल अप्लायन्सेस नावाचा एक आहे, त्याने डायनर आणि थिएटरमधली सोडा फाउंटन, पॉपकॉर्न मशिन असली शोभेची यंत्रं कामाला लागतात, मजा म्हणून छान. स्टीम वर्कशॉपवरून (या गेमचे मॉड तिथे मिळतात) घेताना मॉडच्या पानावर ४१ लिहिलंय की ४२ ते बघ, डिसेंबर २०२४ मध्ये ४२ अनस्टेबल, म्हणजे चाचणीचं, म्हणून बाहेर आलं आणि एकाचे मॉड दुसऱ्यात चालतील याची खात्री नसते.

ठाण्याहून: आम्ही चार मित्र एका सर्व्हरवर आहोत. फर्निचरचा मॉड फक्त मी टाकला तर चालेल ना?

उत्तर: नाही. नवे ब्लॉक आणणारा मॉड सर्व्हरवर पण लागतो आणि चौघांकडे पण, तोही त्याच व्हर्जनचा. एकाकडे जुना राहिला की तोच रोज रात्री "मला आत येता येत नाहीये" म्हणून फोन करणार, कोण ते तुला आत्ताच माहीत असेल.

लातूरहून: लॅपटॉप जुना आहे, मॉड टाकले की पंखा विमानासारखा ओरडतो. मॉडशिवाय काही होईल?

उत्तर: भरपूर होईल, आणि उगाच कमी समजू नका याला. स्मोकर अन्न फर्नेसच्या दुप्पट वेगाने भाजतो, १० च्या जागी ५ सेकंद. वर हॉपर लावून कच्चं, बाजूने इंधन, खालून तयार, झाला ओव्हन. कॅम्पफायरवर चार तुकडे एकदम, प्रत्येकी ३० सेकंद, इंधन शून्य. कपाट म्हणून बॅरल लावा, चेस्टसारखेच २७ खण आणि वर ब्लॉक असला तरी उघडतो, म्हणून ओट्याखाली अख्खी रांग बसते. इंधनाची कटकट संपवायची असेल तर एका ब्लॉकवर लाव्हा, त्या ब्लॉकखाली टोकदार ड्रिपस्टोन (थेंब ठिबकवणारा दगड), त्याखाली कॉल्ड्रन, सावकाश लाव्हा भरत राहतो, एका बादलीत १०० पदार्थ भाजून होतात. हे गेमच्या १.१७ व्हर्जनपासून आहे. घर लाकडाचं असेल तर वर कोल्हापूरचं पत्र वाचा. १.२१ वर असाल तर क्राफ्टर (आपोआप वस्तू बनवणारा ब्लॉक) लावून गव्हाचा पाव आपोआप पडत राहील अशी सोय करता येते, रेडस्टोनची (गेममधल्या विजेची) थोडी खटपट आहे पण लॅपटॉपला काही त्रास नाही.

दुबईहून: आमच्या घरी सगळे शाकाहारी, अंडंही नाही. फार्मर्स डिलाइटच्या फ्राइड राइसमध्ये अंडं लागतं म्हणून माझी बहीण तो बनवतच नाही (गेममध्ये!). त्याचा फोडणीचा भात करता येईल का?

उत्तर: बहिणीला माझा नमस्कार सांग. आणि हो, येईल, कोडिंग न शिकता. या मॉडच्या पॉटमधल्या रेसिपी साध्या जेसन (मजकुराच्या) फाइली आहेत, डेटापॅकने, म्हणजे गेमचे नियम बदलणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याने, बदलता येतात. मॉडची जार फाइल झिपसारखी उघड, आत डेटा, मग फार्मर्स डिलाइट, रेसिपी, कुकिंग असे फोल्डर आहेत, त्यातली फ्राइड राइसची फाइल कॉपी कर. तुझ्या वर्ल्डच्या डेटापॅक्स फोल्डरमध्ये नवीन पॅक करून त्यात हीच फाइल याच नावाने, याच फोल्डरच्या रस्त्यावर ठेव, म्हणजे मूळची बदलून तुझी चालेल. आत इन्ग्रेडियंट्सच्या यादीतून अंडं काढ, हवं तर बटाटा किंवा टोमॅटो घाल, सहाच्या वर जाऊ नकोस, पॉटला खणच तेवढे. कुकिंगटाइम २०० म्हणजे १० सेकंद, कारण गेममध्ये सेकंदाला २० टिक असतात, मंद आचेवर हवं असेल तर वाढव. मग चॅटमध्ये रिलोडची कमांड दे.

अडेल ते एकाच ठिकाणी. १.२०.१ मध्ये त्या फोल्डरचं नाव अनेकवचनी, रेसिपीज असं असतं, १.२१ पासून ते एकवचनी झालंय, आणि एक अक्षर चुकलं तर गेम काही तक्रार न करता जुनीच रेसिपी दाखवत राहतो. नाव बदलायला मात्र डेटापॅक नाही, रिसोर्स पॅक (नावं आणि चित्रं बदलणारा) लागतो, त्याच्या लँग फोल्डरमध्ये इंग्लिश भाषेची फाइल करून फ्राइड राइसच्या ओळीसमोर तुला हवं ते लिही. पदार्थाचं चित्र बदललं नाही तर वाडग्यात अंडं दिसल्यासारखं वाटेल तिला, म्हणून त्याच पॅकमध्ये चित्रावरचे पिवळे ठिपके घालवून टाक, १६ बाय १६ चं चित्र असतं, पेंटमध्येसुद्धा होऊन जाईल.